कोपरा कापलेला बिल्ला

बशीरचाचा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी खांद्याकडे. शुक्रवार पेठेत मी त्यांच्या समोर राहायला आलो, त्या दिवशी माझ्या शर्टाच्या खांद्याची शिवण चिमटीत धरून ते म्हणाले, "रिजेक्ट." नाव त्यांनी चार दिवसांनी विचारलं. मी शाळेत शिकवतो म्हटल्यावर मग कायमचा 'मास्तर' झालो.

चाचा युनिफॉर्मच्या कारखान्यात कापडी बिल्ले तपासतात. बऱ्याच देशांनी मिळून उभ्या केलेल्या कुठल्याशा फौजेचे हे बिल्ले. निळ्या ढालीवर एकमेकांत गुंतलेले दोन हात. एक टाका हलला की रिजेक्ट. हाच निकाल ते माझ्या चहाला, जावयाच्या मिशीला आणि नळाच्या पाण्यालाही लावतात.

नापास बिल्ल्याचा कोपरा कापायचा आणि तो फेकायचा, हा कारखान्याचा नियम. कोपरा चाचा इमानदारीत कापतात, फेकणं मात्र त्यांच्या जिवावर येतं. मालकाला विचारून ते बिल्ले घरी आणतात आणि गल्लीत ज्याच्या त्याच्या खांद्यावर शिवतात. तेलुगू बोलणारे विणकर, कानडी भाजीवाली, रिक्षावाले, मी, सगळे त्याच फौजेत. "चार भाषांची माणसं हायत, फौज झाली की," चाचा म्हणतात.

त्यांचा स्वतःचा खांदा मात्र रिकामा. सेनापतीला बिल्ला नको का, असं मी एकदा थट्टेनं विचारलं. ते सुईत दोरा ओवत राहिले.

"आपल्या खांद्याला आपण न्हाय लावायचा. घरच्या माणसानं लावायचा. जुबेदानं बिल्ला लावलेला शर्ट पेटीत हाय. धुवायला भ्या वाटतं, टाके सुटतील."

जुबेदाचाची मागच्या वर्षी गेल्या. मुलगी सांगोल्याला. मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

मी खुंटीवरचा त्यांचा शर्ट काढला आणि सुई मागितली. आयुष्यात कधी बटणही लावलेलं नव्हतं. अर्धा तास खपलो, दोनदा बोट टोचून घेतलं. बिल्ला तिरका बसला, एका बाजूला दोऱ्याचा गोळा झाला. चाचांनी शर्ट चढवला आणि त्या टाक्यांवरून बराच वेळ बोट फिरवलं.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

उसवून पुन्हा लावतो म्हणून मी हात पुढे केला. चाचांनी बिल्ल्यावर तळहात दाबून धरला.

"राहू द्या, मास्तर. घरच्या माणसानं लावलाय."