वडिलांचा पहिला नंबर

वडील जाऊन अडीच महिने झाले होते, आणि इंग्रजीच्या वर्गात त्यांचा पहिला नंबर आला.

अभिनंदनाची मेल लेकीच्या पत्त्यावर आली, कारण नाव नोंदवताना वडिलांनी तिचाच पत्ता दिला होता. ती औषधांच्या कंपनीत पत्रव्यवहार बघायची. दिवसाला तीस-चाळीस इंग्रजी पत्रं तिच्या हाताखालून जायची, त्यामुळे असल्या मेलमधला गोड भाग सोडून थेट खालच्या बारीक अक्षरांकडे जायची तिला सवय होती. तिथे लिहिलं होतं की पहिली पातळी पूर्ण झाली, शनिवारी सकाळी अकराला शिक्षिकेशी तोंडी परीक्षा होईल. पास झाल्यास विद्यार्थी दुसऱ्या पातळीवर जाईल आणि पहिल्या पातळीवरची त्याची सर्व ध्वनिमुद्रणं पुसली जातील. न आल्यास खातं मुद्रणांसकट बंद. नापास झाल्यास पातळी पुन्हा करता येईल, मुद्रणं जशीच्या तशी राहतील.

तिने जेवणाचा डबा अर्धा तसाच बंद केला.

वडील लिफ्टचे मेकॅनिक. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्टा दुरुस्त केल्या आणि प्रत्येक लिफ्टबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक नुसती चित्रं बघून मिटलं. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "त्या पुस्तकांत काय लिहिलं होतं ते आता वाचून बघतो. कदाचित मी बरोबरही केलं असेल." मग घरच्या कॉम्प्युटरवर हा वर्ग सुरू झाला. रोजच्या विषयांतून इंग्रजी. काम, कॉम्प्युटर, इंटरनेट असे धडे आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी आपल्या तोंडाने काही वाक्यं बोलायची. आठ महिन्यांत त्यांचे बारा धडे झाले. इतक्या वेळात माणूस लिफ्ट बांधतो, असं आई म्हणायची.

ते गेल्यावर बाराव्या दिवशी लेकीने काही बिलं शोधायला कॉम्प्युटर उघडला आणि चुकून त्या पानावर गेली. बारा धडे, बारा मुद्रणं. तिने एकावर बोट ठेवलं. "आय ॲम अ लिफ्ट मेकॅनिक. आय गो अप. आय गो डाऊन." मग घसा खाकरल्याचा आवाज. मग, "माय डॉटर हॅज अ कॉम्प्युटर. शी इज बिझी. द कॉम्प्युटर इज फ्री."

घरात वडिलांचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता. नात्यातल्या एका लग्नाच्या चित्रफितीतसुद्धा ते मागे उभे राहून दिव्यांच्या वायरी तपासताना दिसत, एवढंच. मुद्रण उतरवून घ्यायची सोय पानावर नव्हती. तिने फोन शेजारी धरून आवाज टिपून बघितला. आईने तो क्षणभर ऐकला आणि फोन परत केला. "हा डब्यातला माणूस आहे," ती म्हणाली.

त्या पानावर एक नियमही होता. एकवीस दिवस एकही धडा झाला नाही तर खातं बंद. वर्गाच्या कार्यालयाला एक पत्र लिहिलं असतं तर त्यांनी मुद्रणं पाठवलीही असती. ते पत्र तिला लिहिता येईना. चार वेळा सुरुवात केली. परक्या लोकांच्या वडिलांबद्दल, पतींबद्दल कंपनीतर्फे ती महिन्याला दोन-तीन तरी दुखवट्याची पत्रं लिहायची. वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही इथे उपयोगी पडेना. मग तिने सोपा मार्ग काढला: वडिलांच्या नावाने दर पंधरवड्याला एक धडा करायचा, जेवणाच्या सुट्टीत, दबक्या आवाजात.

पंधरवड्याला एक. तेवढ्यावर पहिला नंबर कसा येईल?

संध्याकाळी घरी येऊन तिने आईला विचारलं, "तू बाबांच्या कॉम्प्युटरला हात लावलास?"

"धूळ पुसते रोज."

"आई."

"धूळ पुसताना एखादा धडा होतो," आई म्हणाली. "तूच त्या दिवशी मैत्रिणीला फोनवर सांगत होतीस, एकवीस दिवसांत नाही केला तर पुसून टाकतील म्हणून. मला काय इंग्रजी येतंय? चार उत्तरं असतात. एक दाबायचं. लाल झालं तर दुसरं दाबायचं. हिरवं झालं की पुढे."

"आणि बोलायचं असतं शेवटी, त्याचं काय?"

"बोलते की. कोण ऐकतंय? आपल्या नळाचं सांगते. तो प्लंबर चार वेळा येऊन गेला नि चारही वेळा हातोडी विसरला, ते सगळं सांगितलं. मन मोकळं होतं जरा."

"किती धडे केलेस?"

आईने छताकडे बघितलं. "रोज एक धरला तर..."

तरीही हिशोब जमेना. वडिलांचे आणि दोघींचे मिळून जेवढे धडे झाले होते त्याहून अकरा जास्त होते, आणि त्या अकरांना पैकीच्या पैकी गुण होते. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि एकदमच म्हणाल्या, "काका!"

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. हयातभर कोर्टात नकला उतरवण्याचं काम केलं, त्यामुळे इंग्रजी आपल्या घरात जन्माला आलं असा त्यांचा समज होता. वडिलांनी पासवर्ड कागदावर लिहून तो कागद त्यांच्याकडे ठेवायला दिला होता, कारण स्वतःच्या खिशावर त्यांचा भरवसा नव्हता. फोन केल्यावर अर्ध्या तासात काका हजर झाले, आणि आरोप ऐकून मुळीच ओशाळले नाहीत.

"मग काय करायला पाहिजे होतं? दादाचं शिक्षण अर्धवट सोडायचं? आता निकाल बघ. पहिला! खानदानात पहिल्यांदा कोणी पहिलं आलंय."

"काका, पास झालं तर बाबांचा आवाज जाणार आहे." लेकीने ती बारीक अक्षरं त्यांना वाचून दाखवली.

काका खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे आपण तिघांनी मिळून..."

"हो."

"त्याला शेवटपर्यंत आणून ठेवलं."

मग आई उठून चहा टाकायला गेली, कारण काहीतरी करायला हवं होतं. आतूनच म्हणाली, "भावजी, नापास व्हा."

"मी?"

"मग कोण? आवाज तुमचाच जुळतो थोडा. खात्यावरच्या फोटोत त्यांचं हेल्मेट आहे, नुसतं नाक दिसतंय. नाक दोघांचं एकच."

"वहिनी, हे मला जमणार नाही. मी एकदाही कधी..."

"दहा मिनिटं गप्प बसायचंय," लेक म्हणाली. "कोणी काही विचारलं की नुसतं बघत राहायचं."

पुढचे तीन दिवस काकांना नापास होण्याची शिकवणी सुरू झाली. लेक प्रश्न विचारायची आणि काकांनी गप्प राहायचं. पहिल्या दिवशी ते तीन सेकंद गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी चुकीचं उत्तर द्यायला तयार झाले, पण दिल्यावर लगेच स्वतःच दुरुस्त केलं. "अगं, तोंडातून जातच नाही," असं म्हणत त्यांनी कपाळावरचा घाम टिपला. तिसऱ्या दिवशी आईने त्यांच्यासमोर वडिलांचं एक मुद्रण लावलं आणि काही न बोलता खोलीबाहेर गेली. काकांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मग लेकीला म्हणाले, "बसतो गप्प."

शनिवारी पावणेअकराला काका वडिलांचा राखाडी स्वेटर घालून कॉम्प्युटरसमोर बसले. आई दाराच्या चौकटीत उभी राहिली. लेक टेबलाखाली, काकांच्या स्वेटरचं टोक धरून. ठरलं होतं की काकांचं तोंड उघडलं की टोक ओढायचं.

पडद्यावर शिक्षिका आल्या. तिशीतल्या असाव्यात, कानांवर मोठे हेडफोन, मागे खिडकीचा पिवळा पडदा. त्यांनी इंग्रजीत स्वागत केलं आणि विचारलं की तुम्ही काय काम करत होता.

काका गप्प. लेकीने स्वेटरचं टोक घट्ट धरलं.

शिक्षिकांनी पुन्हा विचारलं. काका गप्प. आईने दारातून मान डोलावली.

आणि मग शिक्षिकांनी चूक केली. त्या मायेने हसल्या आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला; सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला घास भरवावा तसा.

काकांची पाठ ताठ झाली.

"मॅडम," ते म्हणाले, "आय मोस्ट हम्बली बेग टु सबमिट..."

लेकीने स्वेटर ओढला. स्वेटर लांब झाला, काका थांबले नाहीत. कोर्टात चाळीस वर्षं उतरवलेलं इंग्रजी आज पहिल्यांदाच तोंडावाटे बाहेर पडत होतं आणि त्याला बांध राहिला नव्हता. लिफ्ट, तिचे दोर, त्यात अडकलेल्या माणसाचे हक्क. कॉम्प्युटर, त्याचे फायदे. इंटरनेट, त्याचे फायदे आणि त्यावर कायद्याचा अंकुश. शिक्षिका गालावर हात ठेवून ऐकत होत्या. काका शेवटी म्हणाले, "दॅट इज ऑल, युवर ऑनर," आणि रुमालाने मान पुसली. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खाली बघितलं. चेहरा पार उतरला होता.

"एक्सलंट," शिक्षिका म्हणाल्या. त्यांचा हात बाजूच्या माउसकडे गेला.

लेक टेबलाखालून उठली. डोकं कडेला आपटलं. काकांच्या खांद्यावरून ती पडद्यासमोर वाकली आणि म्हणाली, "प्लीज, वेट." पुढे काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. दुखवट्याच्या पत्रांतली सगळी वाक्यं एकदा समोरून गेली, आणि त्यातलं एकही न घेता ती म्हणाली, "माय फादर इज डेड."

चार शब्द. तिला वाटलं होतं त्याहून फारच लहान वाक्य होतं.

आईला इंग्रजी येत नव्हतं. ती चौकटीतून आत आली आणि तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

शिक्षिकांनी हेडफोन काढून ठेवले. मग साध्या मराठीत म्हणाल्या, "मला माहीत होतं, ताई."

काका खुर्चीतून अर्धे उठले.

"नंबर मशीन काढतं, परीक्षेची तारीखही मशीनच ठरवतं. मुद्रणं मात्र मी ऐकते, तेच माझं काम. बाराव्या धड्यापर्यंत एक गृहस्थ होते. मग दोन आठवडे काहीच नाही. आणि मग त्याच नावाने तिघं जण आले. एक जण कुजबुजतं, एक जण भाषण करतं..." त्यांनी आईकडे बघितलं. "आई, नळ झाला का दुरुस्त?"

"कुठला!" आई म्हणाली. "परवा पान्हा विसरला." मग तिला भान आलं आणि तिने पदर तोंडाशी नेला.

"वरिष्ठांना कळवायला हवं होतं मी," शिक्षिका म्हणाल्या. "आज कळवू, उद्या कळवू असं म्हणता म्हणता त्या नळाचं पुढे काय झालं ते ऐकायची सवय लागली."

काकांना कंठ फुटला. "मग बाई, मघापासून मला इतकं का बोलू दिलंत?"

"तुम्ही किती छान बोलत होता."

काका जरा सावरले.

लेकीने मग मुद्रणांचं सगळं सांगितलं. पास झालं तर काय, न आलं तर काय. शिक्षिकांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मुद्रणं बाहेर द्यायचा अधिकार मला नाही. त्यासाठी अर्ज करावा लागेल, तुम्हाला लिहावं लागेल. मंजूर व्हायला महिने लागतात. तोवर ती इथेच राहायला हवीत." थोडं थांबून त्यांनी काकांकडे बघितलं. "तोवर माझ्या हातात एकच गोष्ट आहे. मी तुम्हाला नापास करू शकते."

"मला?" काका म्हणाले. "आत्ता एक्सलंट म्हणालात!"

"हो. म्हणून तुम्हालाच विचारते."

काकांनी आधी वहिनींकडे बघितलं, मग पुतणीकडे. स्वेटरचं ताणलेलं टोक हातात घेऊन त्याला निष्कारण नीट करत बसले. "करा," ते शेवटी म्हणाले. "पण किती मार्कांनी?"

"तुम्ही म्हणाल तितक्या."

"एका," काका म्हणाले. "एकच. त्याहून जास्त मला घरी सांगता येणार नाही."

शिक्षिकांनी काहीतरी टाइप केलं आणि थांबल्या. "इथे कारण विचारतंय. विद्यार्थी नापास का, ते."

"लिहा, उत्तरं लांबलचक," काका कडवटपणे म्हणाले.

"ते खोटं ठरेल, भावजी," आई म्हणाली. "त्यांच्या नावावर आहे ते. ते कधी चार वाक्यांच्या वर बोलले?"

आई पडद्याजवळ गेली, शिक्षिकांना नीट दिसावी म्हणून थोडी वाकली.

"लिहा, अजून तयारी झालेली नाही," ती म्हणाली. "कोणाची ते नका लिहू."