पाठीची शिडी

लिंबाजीआप्पा कुणाला रामराम करत नसत. माणूस समोर आला की ते आधी त्याचा दंड दाबून बघत आणि तिथल्या तिथं निकाल देत. "हवा हाय बे नुसती." फारच खूश असले तर, "चालंल." याच्यापुढचा शेरा त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तालुक्याचे डॉक्टर, मांडवातला नवरदेव, नव्यानं आलेले मास्तर, कुणाची सुटका नव्हती. दुष्काळात छावणी तपासायला एक मोठे साहेब आले होते. आप्पांनी त्यांचाही दंड दाबला आणि म्हणाले, "सायेब, कागूद उचलताना सुदिक जपून उचलत जा." साहेब हसले म्हणून निभावलं. माझ्या पाठीला मात्र घाम सुटला होता.

मला घाम सुटायचं कारण असं की आमच्या गावच्या दूध संस्थेचा मी सेक्रेटरी आणि आप्पा चेअरमन. शिवाय घराला घर लागून. म्हणजे दिवसभर संस्थेत आप्पा आणि उरलेल्या वेळात भिंतीपलीकडं आप्पा.

साठी उलटली होती, तरी रोज उजाडताच आप्पा लंगोट लावून अंगणात जोर मारत. टँकरच्या रांगेतल्या बायका तोंड फिरवून उभ्या राहत. जोर ते आकड्यांनी मोजत नसत. तरुणपणी जत्रेत ज्या ज्या पैलवानाला पाडलं, त्याच्या गावाचं नाव घेऊन एकेक जोर. "हा धर्मापुरीचा. हा गेवराईचा. हा माजलगावचा." असं करत एका नावापाशी आले की थांबत, उठत आणि अंगावर पाणी घ्यायला जात. पाण्याच्या टंचाईत ते एकच तांब्या घेत, पण तो असा ओतत की शेजारच्याला नदीकाठी असल्यासारखं वाटावं. ते शेवटचं नाव नेकनूरचं होतं. तिथल्या पैलवानानं उलट आप्पांनाच पाडलं होतं.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा फिरकला नव्हता. लोकांना वाटतं, दुष्काळात माणूस दुःखी होतो. दुःख पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी माणूस नुसता कंटाळतो. तोच टँकर, तीच भांडणं, आभाळाकडं बघून तेच बोलणं. जनावरं छावणीत होती आणि छावणीच्या चाऱ्यावर दूध ते किती येणार? सकाळी टेम्पोवाला येऊन कॅन हलवून बघायचा आणि मग माझ्याकडं बघायचा. मी कुठंतरी दुसरीकडं बघायचो. बरेचसे कॅन भिंतीकडेला पालथे पडले होते. संस्थेत करण्यासारखं काम म्हणजे माश्या हाकणं आणि आप्पांचं ऐकणं.

अशात एका दुपारी बीडहून एक माणूस मोटारसायकलवर आला. अंगाला चिकटलेला बनियन, गळ्यात साखळी, हातात काळी पेटी. शरीर कमवायचं शिक्षण देणाऱ्या सीड्यांचा, म्हणजे आप्पांच्या भाषेत शिड्यांचा, संच तो विकत होता. छातीची एक, दंडाची एक, पोटाची, मांड्यांची, पाठीची, अशा.

"संस्थेनं संच घ्यावा," तो म्हणाला. "गावात व्यायामशाळा काढा. पोरं वर्गणी देतील. खर्च समजू नका, चेअरमनसाहेब, गुंतवणूक समजा."

आता आप्पा ह्याला पेटीसकट रस्त्यावर ठेवणार, असं मला वाटलं. यंत्रावर कमावलेल्या अंगाचा त्यांना तिटकारा होता. पण त्यांनी त्याचा दंड दाबला, "चालंल" म्हणाले आणि मला टीव्ही लावायला सांगितलं.

हा टीव्ही जनावरांचे गोचीड कसे काढावेत ते दाखवण्यासाठी संस्थेला मिळालेला. त्याच्यावर आता एक गोरा माणूस आला. सगळं अंग तेलानं चमकत होतं. आप्पा बराच वेळ बघत राहिले.

"हे त्याल कंचं?"

"व्यायामाचं असतं, आप्पा."

"हितं फोडणीला मिळंना आन ह्यो पाठीला चोळतोय."

छातीची सीडी झाली, दंडाची झाली. आप्पा जांभया द्यायला लागले. मग पाठीची लागली. त्यात तो माणूस जमिनीवरची वजनाची दांडी उचलत होता. शेजारी हाडाच्या सापळ्याचं हलतं चित्र होतं. चुकीचं उचललं की मणके कसे दबतात, बरोबर उचललं की कसे मोकळे राहतात, ते लाल-हिरव्या रंगात दिसत होतं. आप्पा खुर्चीवरून उठले. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"पुन्ना लाव."

पुन्हा लावली.

"ही येकटी दे मला. छाती नगं, दंड नगं. पाठीची तेवढी दे."

"संच फोडता येत नाही हो, चेअरमनसाहेब."

जन्मभर लोकांचे दंड दाबणाऱ्या माणसाला आता दंड नको होते. मला त्याचं नवल वाटलं, पण विचारायचा कंटाळा आला. त्या दिवसांत मला सगळ्याचाच कंटाळा यायचा. आठवड्यानं विषय संचालकांपुढं ठेवायचं ठरवून विक्रेत्याला वाटेला लावलं.

बैठकीला संचालक मोजकेच आले. बाकीचे ऊसतोडीला जायच्या तयारीत होते. व्हाईस चेअरमन बाबासाहेब मात्र आले. गावात सगळ्यांत जास्त जमीन त्यांची, आणि सगळ्यांत तिरकी जीभही त्यांचीच. विक्रेताही उत्तर ऐकायला हजर होता.

"शिडी?" बाबासाहेब म्हणाले. "कावून? संस्थेच्या माळवदावर जायला एक हाय की."

"ती शिडी न्हाई. टीव्हीत घालायची शिडी," आप्पा म्हणाले.

"प्यायला पानी न्हाई आन तुमी लोकांचा घाम काढनार! बरं, पोरं हायत कुठं? आठ दिवसांत गाव कोयत्याला जाईल. मग ही शिडी कुनाला दावनार, म्हशींला?"

सगळे हसले. हसायला बरेच दिवस काही मिळालं नव्हतं, त्यामुळं जरा जास्तच हसले.

"कोयत्याला जानाऱ्यांसाठीच पायजे," आप्पा म्हणाले. "ऊस काय छातीनं उचलत्यात का?"

मग मी माझं काम केलं. संस्थेकडं शिल्लक होती ती छावणीत सावलीसाठी ताडपत्री घ्यायला ठेवलेली होती, हे सांगितलं. संच घेतला तर ताडपत्री नाही, ताडपत्री घेतली तर संच नाही. आप्पा भांडतील म्हणून मी तयारीत होतो. आप्पा खिडकीतून छावणीकडं बघत बसले. दुपारच्या उन्हात म्हशी जीभ काढून उभ्या होत्या.

"ताडपत्री घ्या," ते म्हणाले. "मुकं जनावर हाय."

विषय संपला. विक्रेता पेटी आवरायला लागला, तर आप्पांनी त्याचा हात धरला.

"इकत न्हाई घेत. पर जाता जाता पाठीची येकदा दावून जा."

तो तयार झाला, पण एकदावर भागलं नाही. मध्येच लोडशेडिंग झालं. वीज येईपर्यंत आप्पांनी त्याला चहा पाजला, घरून भाकरी आणून खाऊ घातली आणि उठू दिलं नाही. वीज आल्यावर एक रिकामा कॅन समोर घेऊन ते टीव्हीतल्या माणसाबरोबर उचलायला लागले. तो वाकला की हे वाकत, तो उठला की हे उठत. तो इंग्रजीत काही म्हणाला की हे "हां" म्हणत. मला अर्थ सांगायला बसवलं होतं. माझं इंग्रजी दुधाच्या पावतीपुरतं. जमेल तसं सांगितलं. पाय फाकवा, गुडघे मोडा, वजन अंगाजवळ घ्या, मान वर, पाठ सरळ. दिवस कलेपर्यंत सगळी सीडी आप्पांना पाठ झाली होती. विक्रेता थकून गेला. दारात मला म्हणाला, "असं गिऱ्हाईक आयुष्यात बघितलं नाही." मी म्हणालो, "मी रोज बघतो."

दुसऱ्या दिवसापासून संस्थेसमोर वर्ग सुरू झाला. पालथे पडलेले कॅन आप्पांनी उताणे केले, त्यांत ओढ्याची वाळू भरली आणि कोयत्याला जाणाऱ्या जोडप्यांना घरोघरी जाऊन बोलावलं. पुरुष आले, हसले आणि तंबाखू मळत बाजूला बसले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पण त्या उभ्या राहिल्या. फडात नवरा ऊस तोडतो आणि मोळी बांधून डोक्यावर वाहायची ती बायकोनं. त्यामुळं ही शिकवणी कुणाची आहे, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

"गुडघं मोडा! कंबर नगं, गुडघं!" आप्पा ओरडत. "मणक्याला लाल व्हऊ देऊ नका!"

लाल म्हणजे काय, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी बायका एकमेकींना "लाल झालं, लाल झालं" म्हणत शिकत होत्या.

त्यांत मनीषा नावाची एक नवी सून होती. पहिल्यांदाच कोयत्याला चालली होती. वाळूचा कॅन तिनं व्यवस्थित उचलला, खाली ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, उचलायचं कळलं. पर मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढायचं आसतंय म्हनं. तुमचा मानूस फळीवर चढतो का?"

टीव्हीतला माणूस फळीवर चढत नव्हता. तो उचलायचा आणि तिथंच ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोरांचा आवाज आला नाही, म्हणून मी भिंतीवरून डोकावलो. आप्पांनी बैलगाडीला एक अरुंद फळी तिरकी लावली होती. डोक्यावर उसाच्या जागी तुराट्यांची भलीमोठी मोळी. पाठ सरळ, मान वर, आणि पावलं लहान मुलासारखी टाकत ते फळीवर चढत होते. अर्ध्यावर गेल्यावर फळी लवली. मी ओरडलो. मोळी एकीकडं पडली आणि आप्पा दुसरीकडं.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी कंबर धरली आहे म्हणून सांगितलं आणि खाटेवरून हलायचं नाही अशी ताकीद दिली. औषध लिहून देताना त्यांना हसू आवरेना. पाठीची शिकवणी देता देता मास्तरचीच पाठ गेली, ही गंमत संध्याकाळपर्यंत गावभर झाली. बाबासाहेबही येऊन बघून गेले. "शिडीवरनं पडला का?" एवढंच विचारलं.

टोळीची गाडी निघायची होती त्या सकाळी मी मलम घेऊन आप्पांकडं गेलो. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांच्या बायकोनं, सरूकाकूंनी, तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधली होती आणि त्या त्यांची कंबर शेकत होत्या. काकू कंबरेतून पार वाकलेल्या. चालताना त्यांची नजर जमिनीला लागलेली असे. आमच्या भागात अशा बायका घराघरात आहेत. त्यामुळं त्यांना काय झालं म्हणून कुणी विचारत नाही. मीही इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

"काकू, आप्पांनी ह्या पाठीच्या शिकवणीचं एवढं मनाला का लावून घेतलं?" मी हळूच म्हणालो.

"लगीन झालं तवा आमीबी कोयत्याला गेलतो," काकू म्हणाल्या. "ह्यांनी तोडायचं, म्या वाहायचं. बाकीचे गडी येखादी मोळी बायकूच्या डोक्यावरनं घ्यायचे. ह्यांला जत्रंची कुस्ती आसायची, आंग राखायचे. मीच म्हनायची, राखा. पैलवानाची बायकू म्हनून मलाबी लई मिरवायचं व्हतं." त्या हसल्या. "पाच-सा वर्सं गेली आसंच. मग येका सालाला मी सरळ झालेच न्हाई."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगत होत्या. आप्पा जागे होते. त्यांचे खांदे ताठ झालेले मला दिसत होते, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि मनीषा धावतच आत आली. खाटेच्या पायाशी डोकं टेकवून म्हणाली, "येते, आप्पा."

आप्पा कण्हत तिच्याकडं वळले. "फळीचं मला न्हाई जमलं, पोरी. येक कर. मोळी ल्हान बांध. मुकादम बोंबलला तर बोंबलू दे."

"ल्हान बांधली तर खेपा वाढत्यात, आप्पा."

मनीषा काकूंच्या पाया पडली आणि गेली. भांडी, पोरं, शेळ्या, कोयते भरलेली गाडी रस्त्याला लागली. आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग गाव एकदम शांत झालं.

काकूंनी शेकायचं फडकं बाजूला ठेवलं आणि दारातली घागर आत घ्यायला हात घातला.

"आगं, आसं न्हाई," आप्पा खाटेवरून म्हणाले. "आदी गुडघं मोड. घागर आंगाजवळ घे. मान वर."

"मान वर?" काकू म्हणाल्या. "माजी मान आता कुठवर जाती, बगा की."

"जाती तितकी घे."

"आवो, ह्या वयात मला कुठं जायाचंय मोळ्या वाहायला?"

"न्हाईच जायाचं," आप्पा म्हणाले. "शिकून तर ठिव."

काकूंनी चौकटीचा आधार घेतला. गुडघे मोडले. वाकलेली पाठ जितकी वर येईल तितकी आणली, घागर पोटाशी धरली आणि उचलली. मग त्यांनी आप्पांकडं बघितलं.

"आत्ता बरूबर," आप्पा म्हणाले. "पुन्ना येकदा."

काकूंनी घागर खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. मी मलम कोनाड्यात ठेवलं, चप्पल पायात घातली आणि आवाज न करता बाहेर पडलो.