फोटोतला सोफा

आपल्या शाळांमध्ये अलीकडे जी क्रांती झाली ती कोणी केली, असं कोणी विचारलं तर बेधडक माझ्याकडे बोट दाखवा. लाजू नका. मीही हल्ली लाजत नाही.

झालं असं, की परदेशातल्या शाळा बघून या आणि तिथलं चांगलं ते उचलून आणा, असा वरून आदेश आला. आमच्या शाळेतून माझी निवड झाली. निवड कसली! मुख्याध्यापिकांना, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंना, विमानाची भीती आणि उरलेल्यांत पासपोर्ट फक्त माझ्याकडे. तोही मी लग्नानंतर हौसेनं काढला होता आणि तोवर त्याचा उपयोग आतला फोटो दाखवून बायकोला हसवण्यापुरताच झाला होता.

पण मी काही फिरायला निघालो नव्हतो. माझा बेत पक्का होता. मी दुसरीचा वर्ग घेतो. पन्नासच्या वर मुलं आहेत. पुढची पंचवीस माझ्याबरोबर धावतात, मधली चालतात आणि शेवटची दहा-बारा बसल्या जागी बसून असतात. या शेवटच्यांसाठी आमच्याकडे एक ताई होत्या. तात्पुरत्या शिक्षिका. मी फळ्याशी ओरडत असायचो तेव्हा त्या मागे एकेका मुलाच्या शेजारी जमिनीवर बसून, त्याचं बोट धरून, अक्षरावरून फिरवत असायच्या. बस्स, एवढंच करायच्या. आणि मुलं वाचायला लागायची!

त्यांचं पद त्या वर्षी संपणार होतं आणि चिमणीचं काय होणार ही मला काळजी होती. चिमणी म्हणजे शेवटच्या बाकावरची मुलगी. आवाज इतका बारीक, की हजेरीला ती बोलली की नाही हे तिच्या ओठांवरून ओळखावं लागे. दुसरीत दुसऱ्यांदा बसली होती. तिचे वडील शाळेत येऊन सांगून गेले होते, "मास्तर, यंदा वाचायला लागली तर ठीक. नाहीतर घरी राहू दे, धाकट्याला सांभाळेल." ताईंनी तिला कशीबशी अक्षरांपासून शब्दांपर्यंत आणली होती.

म्हणून वर्गात ताईंसारखी दुसरी बाई हवीच, याचा पुरावा मला परदेशातून आणायचा होता. बाकी काही नको.

आणि मिळाला की पुरावा! तिथल्या पहिल्याच वर्गात दोन बाई. एक फळ्याशी, दुसरी मागे एका मुलाच्या शेजारी वाकलेली. मी फळ्याजवळच्या बाईंना विचारलं, "तुमच्या यशाचं गुपित काय?" त्यांनी मागच्या बाईंकडे हात केला. मी खटकन फोटो काढला. त्या फोटोत कोपऱ्यात एक सोफाही आला होता. जुना, तपकिरी, मध्ये खचलेला. शेजारच्या शिक्षकांच्या खोलीत रंगकाम चालू होतं म्हणून तात्पुरता इकडे ढकललेला. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण बाहेर पडताना मी रंगाच्या बादलीत पाय घातला. उजव्या बुटावरचा पांढरा डाग अजून गेलेला नाही.

परत आल्यावर मोठ्या सभागृहात शिक्षणखात्याच्या साहेबांसमोर मी तो फोटो पडद्यावर लावला.

"साहेब, मी बाकी काही दाखवत नाही. सगळं गुपित या एका फोटोत आहे!"

साहेब खुर्चीतून पुढे झुकले. चष्मा वर केला, खाली केला.

"वा! हे आपल्याकडे का नाही?"

"तेच म्हणतो साहेब! प्रत्येक वर्गात हे असायलाच हवं! मागं पडलेल्या मुलाला आधार मिळतो!"

"पाठीला आधार मिळतोच. रंग कोणता ठेवू या?"

"रंगाचं काय एवढं साहेब? माया हवी."

"तरी तपकिरी बरा. मळ दिसत नाही."

 मी पडद्याजवळ धावलो आणि बाईंवर बोट ठेवलं. "साहेब, सोफा नाही! याच्या मागे बघा, या वाकलेल्या बाई!"

"दिसल्या की. सोफा पुसताहेत. वस्तूंची निगा राखणंही शिकण्यासारखं आहे. घ्या लिहून."

सगळं सभागृह लिहून घ्यायला लागलं. मोठ्या बाई तर अधोरेखितही करत होत्या.

आता गप्प बसलो तर मी कसला शिक्षक? मी स्पष्टच सांगितलं, "साहेब, तो सोफा त्या वर्गातला नव्हताच! शिक्षकांच्या खोलीत रंगकाम चालू होतं म्हणून तिथे आणून ठेवला होता!"

लिहिणाऱ्यांची पेनं थांबली. मला वाटलं, जिंकलो.

"रंगकाम?" साहेब सावकाश म्हणाले. "शाळा चालू असताना?"

"हो साहेब."

"बघा! आपण रंगकाम सुट्टीत करतो. म्हणूनच आपण मागे! हेही घ्या आराखड्यात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला सोफा समितीवर घेतलं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी सोफा मागतेय. आपल्याकडे अजून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. आणि तुम्ही अख्ख्या शिक्षणखात्याला सोफा देऊन आलात?"

"अगं, मी नाही दिला! मी तर ताईंसाठी..."

"मग ताईंना दाखवायचं ना फोटोत. दुसऱ्याच्या बाई कशाला दाखवल्या?"

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पण सुचलं असतं तरी काय? साहेबांना ताईंच्या मागची खिडकी दिसली असती, आणि आज वर्गावर्गांत भिंती फोडून खिडक्या बसवायचं काम चाललं असतं.

महिन्याभरात सोफे आले. सोफ्यांसाठी तरतूद कुठून काढली? तात्पुरत्या पदांतून! हे मला मोठ्या बाईंनी सांगितलं, तेही जिन्यात, जाता जाता, पाऊस येईलसं वाटतंय म्हणावं तसं. मी धावत साहेबांच्या कचेरीत गेलो.

"साहेब, ताईंना काढू नका! ज्या कामासाठी मी परदेशात गेलो ते कामच त्या करतात!"

"सर, बदल म्हटला की कोणीतरी थोडा त्याग करायचाच."

"पण तो दरवेळी त्यांनीच का करायचा?"

"तुम्ही सोफा समितीवर आहात ना?" साहेब म्हणाले. "मग असं नकारात्मक बोलू नका."

ताई गेल्या. निरोप समारंभ तात्पुरत्या माणसाचा होत नाही. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "सर, चिमणी जोडाक्षरावर अडते. तेवढं बघा हं." मी हो म्हणालो. पन्नास मुलं समोर असताना कसलं बघणार होतो? मला त्या वेळी इतका राग आला होता, की सोफ्याला लाथ घालावीशी वाटली. घातलीही. आतली फळी माझ्या पायापेक्षा मजबूत निघाली.

सोफा वर्गात मावेना. दोन बाकं बाहेर काढावी लागली. त्या बाकांवरची मुलं सोफ्याच्या मागे जमिनीवर गेली. ही अर्थातच शेवटची दहा-बारा. तिथून त्यांना फळा दिसत नाही. मी दिसत नाही. दिसते फक्त सोफ्याची पाठ.

त्यात रंगकाम सुरू झालं! शिक्षकांच्या खोलीतलं कपाट माझ्या वर्गात आलं. कपाटाबरोबर खेळाचे सर आले, कारण त्यांना बसायला दुसरी जागाच नव्हती. ते कपाटाला टेकून दुपारभर घोरायचे. सोफ्यावर मात्र कोणी बसायचं नाही! पहिल्या दिवशी मुलांनी त्यावर चार उड्या मारल्या, तेव्हाच मोठ्या बाईंनी त्यावर प्लास्टिक घातलं आणि पुढून-मागून मोठ्या अक्षरांत पाटी लावली: 'कृपया या सोफ्यावर बसू नये.'

"बाई, मग हा आणला कशाला?" मी विचारलं.

"साहेब बघायला येतील तेव्हा नवा दिसायला नको?"

आणि साहेब आले. बरोबर फोटोवाले आले. साहेबांनी प्लास्टिकवरून हात फिरवला, कपाट पाहिलं, रंगाचा वास घेतला आणि समाधानानं म्हणाले, "अगदी तिथल्यासारखं वाटतंय!" खेळाचे सर कपाटामागे दचकून जागे झाले आणि उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"आता मुलांची प्रगती बघू. कोण वाचून दाखवतं?"

मोठ्या बाईंनी पहिल्या बाकावरच्या पाठांतरबहाद्दराला खूण केली. तो छाती काढून उभा राहिला. पण तोंड उघडतो न उघडतो तोच सोफ्यामागून एक बारीक आवाज आला.

"कृ... कृप... कृपया. या. सोफ्... सोफ्यावर. बसू. नये."

 मी सोफ्यामागे वाकून बघितलं. चिमणी! बोट पाटीवर ठेवून, ताई शिकवायच्या तसं अक्षरावरून फिरवत, वाचत होती. दुसरं होतंच काय वाचायला तिच्यासमोर? जोडाक्षरावर अडली होती, आणि स्वतःच पार झाली होती. 

"ही कुठे बसते?" साहेबांनी विचारलं.

"सोफ्यामागे, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आधी वाचता येत होतं?"

"छे! गेल्या वर्षी नापास झालेली."

साहेबांचे डोळे चमकले. "नुसत्या सोफ्याच्या जवळ बसून एवढा फरक!"

"साहेब, सोफ्यानं काही केलं नाही!" मी जवळजवळ ओरडलोच. "हिला ताईंनी शिकवलंय!"

"कोण ताई?"

मी उत्तर देणार तोच मोठ्या बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. लाथ घातलेल्या पायावरच. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो साहेबांनी आनंदाचा समजला. फोटो निघाला. त्यात साहेब, सोफा आणि माझा अर्धा चेहरा आहे. चिमणी सोफ्यामागे असल्यामुळे आलेली नाही.

पण ती वाचली! वडिलांसमोर तिनं पाटी वाचून दाखवली आणि तिचं नाव शाळेत राहिलं. यशाबद्दल माझ्या वर्गाला दुसरा सोफा मंजूर झाला.

तो घेऊन टेम्पो आला तेव्हा मी चडफडत बाहेर गेलो. चालकाच्या शेजारून हातात पावती घेऊन कोण उतरावं? ताई!

"तुम्ही?"

"फर्निचरच्या दुकानात लागले, सर. शाळांची पोच माझ्याकडे असते." त्या हसल्या. "हल्ली खूप मागणी आहे."

हमाल सोफा कुठे घुसवायचा यावर भांडत होते, तेवढ्या वेळात ताई आत गेल्या आणि सरळ मागे जाऊन जमिनीवर बसल्या. चिमणीनं त्यांना पाटी वाचून दाखवली. मग त्यांनी तिच्या शेजारच्या मुलाचं बोट धरलं आणि पाटीवरच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं. तो 'कृ'पर्यंत पोचला असेल-नसेल, टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. पुढच्या शाळेचा सोफा राहिला होता.

"ताई, उद्या येणार?" चिमणीनं विचारलं. या वेळी तिचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.

"उद्या कशी येऊ गं? सोफा असला तरच मला इकडे पाठवतात."

माझ्या वर्गात आता पाय ठेवायला जागा नाही. खेळाचे सर कपाटाच्या वर बसतात. तरीही त्याच दुपारी मी तिसऱ्या सोफ्याचा अर्ज करून टाकला. रंग कोणताही चालेल, असं लिहिलंय. फक्त आत घ्यायला वेळ लागेल, टेम्पोनं घाई करू नये.