बरणी फोडली गेली

आमचे जावई फांग वेइलिन छंगदूच्या वॉर्ड कचेरीत अकरा वर्षं कारकून आहेत. यंदा कचेरीने फर्मान काढलं: बढती हवी त्याने इंग्रजीतला कर्मणी प्रयोग शिकून परीक्षा द्यावी. परदेशी पाहुण्यांसाठीच्या पाट्यांवर कोणी काय केलं ते दिसता कामा नये, असं वरून ठरलं होतं. कोणी ठरवलं, ते फर्मानावर नव्हतं.

मी दोन इयत्ता शिकलेली. पण एवढं कळतं की आम्ही चिनी माणसं तसं बोलतो ते बहुतेक वाईट झालं तरच. छत्री चोरली गेली, पोरगा झोडपला गेला. इंग्रजीत म्हणे चांगला धडधाकट पूलही बांधला जातो. जावई तिथेच अडायचे.

“पूल बांधला गेला,” शिकवणीच्या ओयांग बाई म्हणायच्या.

“अरेरे,” जावई म्हणायचे. “किती माणसं दगावली?”

दोनदा नापास.

मग एका रविवारी त्यांनी माझी लोणच्याची बरणी फोडली. आत तीस वर्षांचं मुरलेलं खारं पाणी, ज्यात दर खेपेला नवी भाजी मुरायची. आमच्याकडे चूक केली की कबुलीपत्र लिहून सगळ्यांसमोर वाचायचं. शाळेत, कचेरीत, तसंच माझ्या घरात. मला नवी बरणी नको होती. एक वाक्य हवं होतं: मी फोडली.

जावई उभे राहिले, घसा खाकरून वाचू लागले. “बरणी फोडली गेली. पाणी सांडलं गेलं. खेद व्यक्त केला गेला.”

“कोणी फोडली, जावईबापू?”

“आई, चौकशी केली जात आहे.”

तेच पत्र त्यांनी परीक्षेत इंग्रजीत उतरवलं. शंभरपैकी शंभर. आता ते साहेब आहेत आणि पत्र नमुना म्हणून कचेरीत चौकटीत लावलंय. परवा माझ्या दारासमोर गटार खणून ठेवलं. मी जाब विचारायला गेले, तर मलाच त्या चौकटीकडे बोट दाखवलं गेलं.

रात्री जेवताना पुन्हा म्हटलं, “एक वाक्य, जावईबापू. मग मी मरायला मोकळी.”

त्यांनी आणखी भात वाढून घेतला. लेक शूयुन मात्र बोलली. “आई, आजीची साठ वर्षांची बरणी होती ना? ती कुठे गेली?”

“ती फुटली होती,” मी म्हणाले.

जावयांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. “पैकीच्या पैकी, आई.”

तुम्ही हसू नका. तुमच्याकडे परवा दूध उतू गेलं म्हणे. आपलं आपणच चालत गेलं का?