मामांचा कोट

गालेबोएने सकाळपासून गुरांच्या तळाभोवतीची सगळी हाडं वेचली. तीन पोती भरली. ती झोपडीत कोंबून दाराला कडी घातली, कोटाची बटणं लावली आणि मगच तो खुर्चीत टेकला. मुलाच्या, म्हणजे मोथुसीच्या, नवरीचे मामा रा त्शेको आज येणार होते, लग्नात नवरीच्या घरी द्यायची आठ गुरं बघायला. गुरं हाडं चघळताना त्यांना दिसली, तर लग्न तिथेच बारगळणार होतं.

बायको, म्मा मोथुसी, म्हणजे मोथुसीची आई, वर्षभर सांगत होती की सेरोवे गावच्या या मातीत स्फुरद नाही, म्हणून गवतात नाही, म्हणून गुरं हाडं शोधतात. पशुखात्याच्या बाई सांगतात तसं क्षारांचं चाटण आणा. गालेबोएचं उत्तर ठरलेलं. "माझ्या बापाची गुरं गवत खायची."

"कुठेयत ती आता?" असं तिने विचारलं की त्याला बाहेर काम निघायचं.

मामा ऐन उन्हात आले, जाड लोकरी कोट घालून. लग्नाच्या बोलण्यात कोटाशिवाय बसलेल्या पुरुषाचा शब्द कुणी धरत नाही, मग तो घामाने भिजून का जाईना. बोलण्याला अवकाश होता, म्हणून त्यांनी कोट कुंपणाच्या काट्यांवर टाकला आणि गालेबोएबरोबर गुरांतून फिरले. शिंगं पाहिली, दात पाहिले.

"रोड दिसतात, रा," मामा आदराची हाक देत म्हणाले.

"चपळ आहेत," गालेबोए म्हणाला.

सकाळपासून हाडाचा तुकडा न मिळालेली तांबडी गाय तोवर कोटापर्यंत पोचली होती. खारट घामाची लोकर तिला भलतीच आवडली असावी. दोघं परतले तेव्हा एक बाही उरली होती आणि दुसरीचं बटण ती डोळे मिटून चघळत होती.

मामांनी उरलेली बाही उचलून पाहिली आणि म्हणाले, "कोट नाही, तर बोलणं नाही. निघतो मी."

असा निघालेला मामा पुन्हा येत नाही. गालेबोएने घाईने स्वतःचा कोट काढून त्यांच्या अंगावर घातला. मामा बसले. गालेबोएही बसला आणि त्याने घसा खाकरला. मामांनी त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कसे बोलणार, रा?"

मुलाच्या बाजूला रीतसर पोशाखात उरली होती ती खांद्यावर शाल घेतलेली म्मा मोथुसी. तिने शाल सारखी केली आणि झोपडीतल्या तीन पोत्यांपासून सगळं सांगून टाकलं. गालेबोएने दोनदा तोंड उघडलं; दोन्ही वेळा मामांनी नुसतं बोट उचललं. ऐकता ऐकता त्यांचा हात गालेबोएच्या कोटाच्या खिशात गेला. घडी केलेली चिठ्ठी निघाली. पशुखात्याची, गेल्या हिवाळ्यातली : गुरांना चाटण ताबडतोब सुरू करा.

मामांनी ती दोनदा वाचली.

"माझ्या लेकाच्या लग्नात मी हाडं पुरली होती," ते म्हणाले. "ऐन बोलण्यात कुत्र्यांनी उकरली."

ठरलं. गुरं तीन महिने चाटण खातील, अंगाने भरतील, मग नवरीच्या घरी येतील. मामा उठले तेव्हा गालेबोएने कोटाकडे खूण केली.

"गुरं आली की देऊ," मामा म्हणाले. "तोवर या घरचं बोलणं म्मा मोथुसीकडे."

दुसऱ्या दिवशी गालेबोए चाटणाची दहा पोती घेऊन आला. कुठे उतरवू, हे त्याने म्मा मोथुसीला हातानेच विचारलं.