जाड भाग थोरल्याचा

हात वर करायला अक्कल लागत नाही. म्हणूनच माझा पटकन वर गेला.

रविवारची उपासना संपत आली होती. पाळकसाहेबांनी विचारले, घरात रोज सकाळी शास्त्र वाचून प्रार्थना कोण कोण करतो, त्यांनी हात वर करा. लोक चपलांकडे बघू लागले. दोन बाक पुढे माझ्या धाकट्या भावाचा हात वर गेला. तो रंगारी आहे, हात वर करून उभे राहायची त्याला सवयच आहे. त्याचा गेला म्हटल्यावर माझाही गेला. थोरला मी आहे.

(माझ्या घरात रोज सकाळी नियमाने होणारी एकच गोष्ट म्हणजे माझा खोकला.)

पाळकसाहेबांना आनंद झाला. सख्खे भाऊ, भिंतीला भिंत लागून घरे, आणि दोन्ही घरांत प्रार्थना. ते म्हणाले, पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सातला येतो आणि आधी थोरल्याकडे बसतो. माझी बायको शेजारीच होती. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला धास्ती वाटते, पण ते मी तिला कधी कळू दिलेले नाही.

भावाचे आधी सांगतो, त्याशिवाय पुढचे कळायचे नाही. वडील गेल्यावर घराचे दोन भाग झाले. मधली भिंत मीच बांधली, मी गवंडी आहे. चार इंची, अर्ध्या विटेच्या जाडीची. नऊ इंची बांधायची तर जाडी कोणाच्या जागेतून घ्यायची, यावर आम्ही अजून बसलो असतो. खाट, पेट्या, भांडी, स्टुले, सगळे निम्मे निम्मे झाले. शेवटी राहिले वडिलांचे बायबल. मी म्हणालो, थोरल्याकडे राहील. तो म्हणाला, शेवटी शेवटी वडिलांना वाचून मी दाखवत होतो. तेव्हा मी पाते घेतले आणि त्याने पुस्तक घट्ट धरले. आम्ही दोघांनी मिळून केलेले ते शेवटचे काम. जुना करार एकीकडे झाला, नवा करार दुसरीकडे. निवड थोरल्याची. मी जाड भाग उचलला, जुना करार.

तेव्हा मला वाटले, भावाला बरे गंडवले. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. काही सांगायचेच झाले तर बायको मागच्या दाराने जाऊन सांगते आणि त्याचे उत्तर घेऊन येते. येताना ते थोडे धुऊन आणते, हे मला ठाऊक आहे.

तर सोमवारी सहाला मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवले. बायको, मुलगा आणि सून.

मुलगा म्हणाला, "बाबा, पाळकसाहेब नवं बायबल देतायत. घेऊन येऊ का?"

"घरात बापाचं आहे."

"अर्धं आहे."

"जाड आहे," मी म्हणालो, आणि तो विषय मिटला.

मी चौथीपर्यंत शिकलो. मला वाचता येते, पण वीट ठेवावी, ठोकावी, मग पुढची घ्यावी, असे. मुलगा भराभर वाचतो, म्हणून मी त्याच्या हातात देत नाही. भराभर केलेले काम मी पुष्कळ पाडले आहे. आणि मी काहीही गाळत नाही. खालचा थर सोडून वरचा कोणी लावत नाही.

सुरुवात बरी गेली. जग झाले, मग पाऊस लागला आणि सगळे बुडाले. सून कान देऊन ऐकत होती. पुढे कोणाला कोण झाला आणि तो किती वर्षे जगला, हे सुरू झाले. मुलगा बसल्या जागी घोरायला लागला. त्याला उठवून मी विचारले, आता वाचला त्या माणसाचा आजा कोण? त्याला सांगता आले नाही. मी पान पुन्हा पहिल्यापासून वाचले.

खरी गोडी लागली ती देवाच्या तंबूची मापे आली तेव्हा. लांबी, रुंदी, खांब, खांबांच्या बैठका, कड्या. असा मालक मला जन्मात मिळाला नाही. लोक सांगतात, "मिस्त्री, बघून घ्या तुम्हीच," आणि मग पाडायला लावतात. इथे सगळे आधी सांगितलेले. सगळ्यांना नीट कळावे म्हणून मी फरशीवर खडूने नकाशा काढला आणि बायकोला एका खांबाच्या जागी उभे केले, सुनेला दाराच्या. सुनेची बस चुकली. बायको म्हणाली, "खांबाला बसायची परवानगी आहे का?" मी म्हणालो, शास्त्रात तसे दिसत नाही.

त्यानंतर घरात चमत्कार होऊ लागले. मुलाची कामाची पाळी अचानक पहाटेची झाली. सुनेची बस अर्धा तास आधी सुटू लागली. बायको पहिल्या ओळीला "दूध आणते" म्हणून उठायची, ती माझे आमेन झाल्यावर उगवायची.

एकदा मी विचारले, "दूध आणायला इतका वेळ?"

"रांग होती."

"रोज?"

"अहो, दूध रोजच लागतं."

मी एकटाच वाचू लागलो. मोठ्याने वाचत होतो, नाहीतर घरात प्रार्थना चालू आहे हे कळणार कसे? माझ्या भागात तेव्हा बळीच्या जनावराची चरबी आणि गुरदे आले होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून भावाचा आवाज यायचा, मग गाणे, मग सगळ्यांचे हसणे. प्रार्थनेत हसण्यासारखे काय असते ते मला समजत नव्हते. माझ्या भागात कोणीच हसत नव्हते.

मला एवढेच पाहिजे होते, की शनिवारी पाळकसाहेब दारात येतील तेव्हा माझी माणसे माझ्यासमोर बसलेली असावीत. मी वाचतो आहे आणि ती ऐकत आहेत. जन्मभर दुसऱ्यांची घरे बांधली. आपल्या घरात एक सकाळ मागणे जास्त नाही.

शनिवार जवळ आला आणि मी ओलीच्या नियमापाशी पोचलो.

शास्त्रात ओल आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. गवंड्याला तरी सांगायला हवे होते. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसला तर काय करायचे, ते सगळे दिले आहे. सात दिवस थांबायचे. डाग पसरला तर त्या विटा काढायच्या, गिलावा खरवडायचा, गावाबाहेर टाकायचा, नव्या विटा लावून नवा गिलावा करायचा. मी पुस्तकातून मान वर केली. समोर मधल्या भिंतीवर, खाटेच्या वर, डाग होता. हिरवट.

तो डाग वर्षभर होता आणि तो भावाच्या नळामुळे आहे हे मला पक्के ठाऊक होते. मी तसे बायकोकरवी कळवलेही होते. उत्तर आले होते, "दादांना सांगा, भिंत त्यांनीच बांधली आहे." धुतल्यावर एवढे राहिले, म्हणजे मूळचे काय असेल.

मी डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारली. सात दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर बोटभर आला होता. तो दिवस शनिवार होता.

नियमात असेही आहे, की धर्मगुरू यायच्या आत घर रिकामे करावे. मी पहाटे उठून खाट बाहेर काढली.

बायको म्हणाली, "अहो, आज पाळकसाहेब यायचेत."

"म्हणूनच."

"त्यांना बसवायचं कशावर?"

"शास्त्रात ते नाही."

मी तिघांनाही बाहेर जायला सांगितले. सातला आत या आणि ओळीने बसा, भिंत साफ झालेली असेल. ती लगेच गेली. इतक्या चटकन माझे कोणी कधी ऐकले नव्हते. तिथेच शंका यायला हवी होती.

छन्नी-हातोडा घेऊन मी सुरुवात केली. विटा काढल्या तरी पलीकडचा गिलावा तात्पुरता तग धरील, असा माझा अंदाज होता. तो गिलावाही माझाच. त्या बाजूला सिमेंट कमी पडले होते, कारण भावाने दिले तेवढेच मी घातले. पहिली वीट नीट निघाली. दुसरीही निघाली. तिसरीला छन्नी लावली आणि वरच्या चार विटा गिलाव्यासकट पलीकडे गेल्या.

धूळ बसायला वेळ लागला. मग भोकातून दिसले ते असे. भाऊ खुर्चीवर, मांडीवर बारका भाग. त्याची बायको. तिच्या शेजारी, वाटणीत गेलेल्या वडिलांच्या स्टुलावर, माझी बायको, पायाशी दुधाची पिशवी. स्टुलावर उशी होती. ती आमच्या घरची, कित्येक दिवस सापडत नव्हती. मागे सून, मांडीवर बसला न्यायची पर्स. पहाटपाळीचा मुलगा भिंतीला टेकून, टक्क जागा. आणि मधोमध पाळकसाहेब. ते माझ्याकडे आले होते, पण ओट्यावर खाट उभी आणि आत ठोकाठोकी, म्हणून शेजारी विचारायला गेले आणि बसले.

भाऊ एक डोळा चोळत होता. डोळ्यात माझ्या भिंतीची धूळ गेली होती. ती सगळी एकदा त्याच्या डोळ्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मग सून खुदकन हसली. पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मला काही कळले नाही. (बायकोने नंतर सांगितले. त्या घटकेला धाकटा, भावाच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ, हेच वाचत होता. म्हण मला ठाऊक होती. ती शास्त्रातली आहे हे ठाऊक नव्हते. बारक्या भागात असेल तर मला कसे कळणार?)

इतक्या वर्षांनी भाऊ माझ्याशी बोलला. म्हणाला, "दादा, आणखी विटा इकडे पाडू नका. खाली चहा आहे."

"तुझ्या नळाची ओल आहे," मी म्हणालो. मलाही तेवढेच सुचले.

"माझा नळ केव्हाच परसात नेला. तो पाइप बघा कोणाचा आहे."

मी बघितले. उरलेल्या विटांमधून पाइप गेला होता आणि त्याच्या जोडातून थेंब थेंब गळत होते. पाइप माझ्या न्हाणीचा. जोड माझ्या हातचा.

पाळकसाहेब उठून भोकापाशी आले. ते हळव्या मनाचे आहेत. म्हणाले, "बघा, देवाची करणी. शास्त्राचे दोन्ही भाग एकत्र आले."

"एकत्र नाही आले," मी म्हणालो. "भोक पडलंय."

भावाने मान हलवली. या एका बाबतीत आमचे मत जुळले.

पाइप मी त्याच दिवशी बदलला. भोक मात्र तसेच आहे. नवी वीट कोणी आणायची हे ठरत नाही. मी म्हणतो, पडल्या त्या त्याच्या बाजूला. तो बायकोकरवी कळवतो, पाडल्या त्या दादांनी. मी एकदा सरळ बुजवायला घेतलेच होते. थापीवर सिमेंटचा माल होता. बायको भोकापलीकडे स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "बुजवा. पण आधी सांगा, मी कोणत्या बाजूला राहू?"

माल थापीवरच सुकला.

आता रोज सकाळी दोन्हीकडे वाचन होते. आधी मी वाचतो, मग तो. माझी माणसे त्याच्या बाजूला बसतात आणि भोकातून माझे ऐकतात. सून म्हणते, बाबांचं इकडून जास्त चांगलं ऐकू येतं. भाऊ बोलत नाही. वाचन झाले की एक कप चहा भोकातल्या विटेवर ठेवतो आणि तोंड फिरवतो. मी तो निवल्यावर पितो. लगेच घेतला तर वाट बघत होतो असे दिसेल.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, पण यावेळी त्यांनी शब्द वाढवला. म्हणाले, रोज सगळ्या घराबरोबर बसून प्रार्थना कोण करतो? भावाचा हात वर गेला. मुलाचा गेला, सुनेचा गेला. माझाही निघाला होता. यावेळी तर खोटेही नव्हते, मधे फक्त भिंत होती.

माझा हात बाकावरून उठायच्या आतच बायकोने आपल्या डाव्या हाताने दाबून धरला. उजवा तिने वर केला होता.