पिठाच्या पोराचा बाप

स्त्री-पुरुष समानता ही फार नाजूक वस्तू आहे. शाळेत शिकवण्याआधी तिच्यातले धोकादायक भाग काढून घ्यावे लागतात. नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावाच्या शाळा समितीने हे काम मोठ्या निष्ठेने केलं. लैंगिक शिक्षणाच्या पुस्तकातून आम्ही आधी चित्रं काढली, मग अवयवांची नावं, मग 'कसं' आणि 'का' असे शब्द असलेले सगळे परिच्छेद. उरली प्रस्तावना आणि मुखपृष्ठ. (त्यावर दोन फुलपाखरं होती. त्यांच्यात योग्य ते अंतर ठेवून घेतलं.)

मग तासाला शिकवायचं काय? पीठ. दहावीच्या मुलामुलींच्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीने पाच पौंड पिठाची पिशवी बाळ म्हणून आठवडाभर सांभाळायची. आरोग्याचा तास फुटबॉलचे कोच केसलर घेतात, कारण शिट्टी त्यांच्याकडे आहे. पिशव्या वाटण्याआधी त्यांनी ती वाजवून सगळ्यांची सामुदायिक लग्नं लावली. लग्नाआधी पीठ आमच्याकडे चालत नाही.

"सर, पण हे बाळ आलं कुठून?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"गिरणीतून. गप्प बस."

जबाबदारी दोघांची समसमान, असं ठरावात स्वच्छ लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. आणि गाव काय सुरेख वागलं! मुलगा पिशवी घेऊन निघाला की बायका रस्त्यात थांबायच्या. "अगं बाई, किती गुणी बाप!" कॅफेत त्याला कॅरॅमल रोल फुकट. मुलगी निघाली की त्याच बायका म्हणायच्या, "टोपडं कुठाय पोराचं? वारा बघ केवढा सुटलाय!"

ब्रिटा हॉगन ही आमच्या सॉफ्टबॉल संघात चेंडू टाकते, आणि टाकते म्हणजे काय टाकते! शुक्रवारी अंतिम सामना होता. दोन कॉलेजांची माणसं मुली बघायला येणार होती (खेळाडू म्हणून). खेळावर शिष्यवृत्ती मिळाली तरच ब्रिटाचं पुढचं शिक्षण, आणि ती देणं त्यांच्या हातात होतं. नियम एवढाच, की पिशवी फुटली तर आई नापास, आणि नापास मुलगी मैदानाबाहेर.

"सामना संपेपर्यंत धर हे," तिने जोडीदाराला, गनर टोलेफसनला सांगितलं. "आठवडाभर मीच घेऊन फिरतेय."

"म्हणजे तुझं पोर मी सांभाळू?"

"आपलं, गाढवा!"

"बरं बाई. पण उपकार लक्षात ठेव."

गनर कॅफेत गेला, रोल खाल्ला, कौतुक ऐकून घेतलं, पिकअपचं दार उघडण्यासाठी पिशवी टपावर ठेवली आणि तशीच गाडी हाणली. मुख्य रस्ता चौकापर्यंत पांढरा झाला.

बातमी कळताच कोच मैदानात शिरले. आमच्या मुली एका धावेने पुढे होत्या.

"पोर रस्त्यावर सांडलंय, आणि तू इथे चेंडू टाकतेस?"

"सर, ते गनरकडे होतं!"

"तेच तर! बिचारा एकटा पडला."

ब्रिटाला बाहेर काढलं. सामना गेला, कॉलेजवाले वह्या मिटून निघून गेले. ती हातमोजा तोंडावर दाबून ढसाढसा रडली. तिला मातृत्व उमगलं, अशी समितीने समाधानाने नोंद घेतली. गनरच्या घरी सांत्वनाचे इतके डबे गेले की फ्रीजचं दार लागेना. शाळेचं पहिलं समानता पारितोषिकही एकमताने त्यालाच. पोराने निदान प्रयत्न तरी केला.

हसताय? हसा. पण तुमचा जावई बाळाचा लंगोट बदलताना दिसला, तेव्हा "किती करतो हो!" असं शेजारीपाजारी सांगत कोण फिरलं? आणि रोजचे लंगोट बदलणाऱ्या लेकीला "नीट बांध गं, सुटेल" असं कोण म्हणालं? आमच्या समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. तुमचं नाव मी सुचवलंय. मुलाखतीची गरज नाही.